सोनखारच्या राणीला सल्ला कोण देणार?

आमच्या रविवारच्या रोल-प्लेइंग गेममध्ये सध्या सोनखार नावाचं राज्य चालू आहे. पूर्ण काल्पनिक, मीच बनवलेलं. खाली खाडीकाठची मिठागरं, वर देशावर चढणारा एकच घाट, त्या घाटातली जकात, आणि याच्यापलीकडे राज्याकडे फारसं काही नाही. राजा वारलाय, सोळा वर्षांची मुलगी गादीवर बसलीय, तिला सल्ला द्यायला प्रधानमंडळ हवंय आणि ते प्रधान म्हणजे आमचा कोथरूडचा ग्रुप. गेम मी चालवते, त्यामुळे मंडळ कसं असावं हे ठरवायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आता अशा वेळी लोक सगळ्यात आधी काय मागतात तर पदव्या. महामंत्री, राजगुरू, हेरखात्याचा प्रमुख, एकाला तर राजज्योतिषी व्हायचं होतं कारण त्याला काम काहीच करायचं नव्हतं. असं मंडळ लगेच गणपती मंडळाच्या अहवालासारखं होतं, पहिल्याच पानावर सल्लागार म्हणून फोटोसकट ढीगभर नावं आणि त्यातल्या एकालाही वर्षभरात कुणी काही विचारलेलं नसतं. म्हणून मी म्हटलं पदव्या राहू देत, आधी मला सांगा तुमचं पोट कशावर चालतं आणि शिक्का कुणाच्या ताब्यात आहे. बाकी सगळं नाटक यातूनच निघतं असं माझं ठाम मत झालंय.

आपल्याकडे याचं इतकं भारी उदाहरण आहे, शिवाजी महाराजांचं अष्टप्रधान मंडळ, आणि शाळेत आपण ते नुसतं आठ नावं पाठ करून सोडून देतो. १६७४ च्या राज्याभिषेकात बखरींच्या वर्णनाप्रमाणे मोरोपंत पेशवे पूर्वेला तुपाचा सोन्याचा कलश घेऊन, हंबीरराव दक्षिणेला दुधाचा चांदीचा कलश घेऊन, असे सगळे प्रधान आपापल्या ठरलेल्या जागी उभे होते. हे झालं दिसायचं. पण खरी गंमत ही की महाराजांच्या काळात ही पदं वंशपरंपरेची नव्हती आणि मोबदला रोख होता, जहागिरी नाही. पेशव्याला वर्षाला १५ हजार होन (सोन्याची नाणी), अमात्याला म्हणजे हिशेब बघणाऱ्याला १२ हजार, बाकीच्यांना १० हजार असे आकडे सांगतात. शिवाय पंडितराव आणि न्यायाधीश सोडले तर बाकीच्यांनी वेळ पडली की मोहिमेवरही जायचं! आमच्यातला सीए अमात्य झालाय, त्याला हे सांगितल्यावर तो दोन मिनिटं काही बोललाच नाही.

पण रोख पगार असला म्हणजे सगळे निष्ठेने वागतात असंही नाही, आणि इथे १६८० साल बघा. ३ एप्रिलला महाराज गेले, संभाजीराजे पन्हाळ्यावर, आणि इकडे रायगडावर २१ एप्रिलला दहा वर्षांच्या राजारामांना मंचकावर बसवलं गेलं. यामागे सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो सचिव. अण्णाजी आणि मोरोपंत पन्हाळ्याकडे निघाले ते संभाजीराजांना कैद करायला. आता सेनापती कोण, तर हंबीरराव मोहिते, म्हणजे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, राजारामांचे मामा. कुणीही लेखक असता तर त्याने मामाला भाच्याच्या बाजूनेच उभं केलं असतं, पण हंबीरराव गेले संभाजीराजांच्या बाजूला आणि उलट या प्रधानांनाच कैद केलं. म्हणजे फौज ज्याच्या हातात त्याने ठरवलं. मी सोनखारच्या सेनापतीला राणीच्या सावत्र भावाचा मामा केलाय ते यामुळेच, आणि तो काय करेल हे मी त्याला अजिबात सांगितलेलं नाही.

पुढे पदं घराण्यात गेली आणि सल्लागारांचेच राजे झाले. पुण्याहून पन्नासेक किलोमीटरवर भोर आहे ना, तिथला राजवाडा बघायला लोक जातात, पण ते संस्थान म्हणजे मुळात पंतसचिवांचं घराणं, म्हणजे प्रधानमंडळातली एक खुर्ची! शंकराजी नारायण सचिवांपासून ते १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत चाललं. प्रतिनिधी हे पद तर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला नव्याने काढलेलं, त्याचं औंध संस्थान झालं (साताऱ्याकडचं औंध, आपलं ट्रॅफिकवालं नाही). आणि पेशव्यांचं काय झालं ते शनिवारवाड्यासमोर उभं राहिलं की दिसतंच, छत्रपती साताऱ्याला आणि कारभार इथे.

माणसं किती घ्यायची यावर कौटिल्याने मस्त लिहिलंय. एकाशीच सल्लामसलत केली तर तो मोकाट सुटतो, दोघांशी केली तर ते एकत्र येऊन राजालाच गुंडाळतात नाहीतर भांडून काम बुडवतात, तीन-चार बरे, त्याहून जास्त झाले की निर्णय होत नाही आणि गुपितही राहत नाही. गुपिताबद्दल तर तो इतका संशयी आहे की पोपट-मैनांनीसुद्धा मसलती फोडल्यात म्हणतो, त्यामुळे जागा अशी हवी की पक्ष्यांनाही काही दिसू नये. आम्ही खेळतो त्या फ्लॅटच्या बाल्कनीत कबुतरं आहेत, बघू.

मला सगळ्यात जास्त आवडतात ते मात्र बारभाई. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून, राघोबादादा पेशवे, आणि मग सखारामबापू बोकील, नाना फडणवीस, हरिपंत फडके वगैरे मंडळी एकत्र येऊन नारायणरावांच्या गरोदर बायकोला, गंगाबाईंना पुरंदरावर नेतात आणि जन्माला न आलेल्या बाळाच्या नावाने कारभार चालवतात. म्हणजे विचार करा, सल्लागार सगळे हजर आणि ज्याला सल्ला द्यायचा तोच अजून पोटात! मुलगी झाली असती तर काय, हा प्रश्न घेऊनच ती माणसं तिथे बसली असणार. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि चाळीस दिवसांचं बाळ पेशवा झालं. नंतर काय, तर त्याच सखारामबापूंना नानांनी कैदेत टाकलं. साडेतीन शहाण्यांत बापू पूर्ण शहाणे आणि नाना अर्धे, पण शेवटी टिकले नाना. त्यांचा वाडा शनिवारवाड्याला खेटूनच आहे, कारभार्‍याने कुठे राहावं याची अक्कल तिथूनच घ्यावी.

तर सोनखारचं मंडळ पाच जणांचं, पगार मिठागरांच्या उत्पन्नातून रोख, जकातीचा ठेका कुणालाही द्यायचा नाही (सेनापती आत्ताच तो मागतोय). शिक्के दोन. हे सरळ शिवकालीन पत्रांवरून उचललंय, वर राजमुद्रा आणि मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते'ची छोटी मुद्रा, म्हणजे तिच्याखाली कुणाला चोरून एक ओळ वाढवता येत नाही. राजमुद्रा राणीकडे आणि मर्यादा मुद्रा सचिवाकडे, त्यामुळे दोघांचं पटलं नाही तर राज्यातून एक कागद बाहेर जाणार नाही.

राहिला आमचा हिंजवडीवाला, जो कधीच वेळेत पोचत नाही. त्याचं मत व्हॉट्सअपवर घ्यायचं की नाही यावर ग्रुपमध्ये दोन दिवस भांडण झालं. कौटिल्य म्हणतो जे जवळ नाहीत त्यांच्याशी पत्र पाठवून मसलत करावी, त्यामुळे माझ्याकडून परवानगी आहे. फक्त मेसेजच्या शेवटी मर्यादा मुद्रेचं स्टिकर टाकायचं आणि त्यानंतर एडिट केलेलं धरणार नाही.