तुम्ही विचारलंत म्हणून: अजून नॅनोच का?

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, पेट्रोल पंपावर, कुठेही गेलो तरी एकच. "अजून नॅनोच? आता तरी मोठी घ्या की." इतकी वर्षं हसून वेळ मारून नेली, आज एकदा सगळं सांगून टाकतो.

2009 ला नॅनोच्या बुकिंगच्या लॉटरीत नंबर लागला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते आणि ज्याला त्याला सांगत सुटलो होतो, जगातली सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून. ते चुकलंच. "स्वस्त" हा शिक्का त्या गाडीला भोवला असं पुढे खुद्द रतन टाटाही म्हणाले, आणि तो शिक्का मारणाऱ्यांत मीही होतो. सांगायला हवं होतं ते वेगळंच. लांबी 3.1 मीटर, पण आत ताठ बसता येतं. इंजिन मागे, 624 सीसी, दोनच सिलिंडर. चाकाला तीन नट, वायपर एक. पेट्रोलचं झाकण पुढच्या बॉनेटखाली, त्यामुळे नवा पोरगा असला की पंपावर अजून गाडीभोवती फेरी मारतो. आमच्या सदाशिव पेठेतल्या बोळात समोरून टेम्पो आला तरी मी निघतो, मागच्या एसयूव्हीवाल्याला रिव्हर्स घ्यावी लागते.

आता ती गोष्ट. 2017 च्या डिसेंबरात भाचीचं लग्न होतं. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं, हातात काठी. कार्यालयाच्या गेटवर वॉचमनने हात आडवा केला, "ही मागे घ्या, इथे नवरदेवाकडच्या गाड्या लागायच्यात." आईला इथे उतरवू द्या एवढंसुद्धा मी म्हणालो नाही. मागे पांढऱ्या मोठ्या गाड्यांची रांग, हॉर्न चालू, मी निमूट गाडी वळवली आणि थेट केटररच्या टेम्पोशेजारी नेऊन लावली. तिथे भांडी घासायचं चाललेलं, पाणी सगळीकडे. आईने पैठणीच्या निऱ्या एका हातात धरल्या, दुसऱ्या हातात काठी, आणि तेवढ्या चिखलातून ती हॉलपर्यंत चालत आली. एक शब्द बोलली नाही. परत येताना सिग्नलला म्हणाली, "पुढच्या वेळी रिक्षाने जाऊ."

रात्रभर झोप नाही. मला वाटलं तिला गाडीची लाज वाटली. त्याच आठवड्यात एका शोरूमला टोकन भरून आलो आणि रविवारी आईला गाडी दाखवायला नेलं. तिने दार उघडून पाय वर टाकायचा प्रयत्न केला, जमेना, हँडलला लटकून पुन्हा केला, शेवटी सेल्समनने प्लास्टिकचं स्टूल आणलं. स्टुलाकडे बघून ती मागे सरली. "नको रे बाबा. आपल्या गाडीत मी आपली आपण बसते. तिला काय झालंय? तू त्या माणसाला काही बोलला नाहीस, त्याचं वाईट वाटलं मला."

टोकन परत घेतलं.

हे सांगितलं की लोक म्हणतात, बरं, पण सेफ्टीचं काय? बरोबर आहे. गाड्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2014 च्या क्रॅश टेस्टमध्ये नॅनोला शून्य स्टार मिळाले. त्या वेळी टेस्ट केलेल्या बाकीच्या चार गाड्याही, सगळ्या एअरबॅग नसलेल्या, शून्यावरच होत्या, हे मी बरीच वर्षं तावातावाने सांगायचो. आता नाही सांगत. शून्य ते शून्यच. एक्स्प्रेसवेला मी ही गाडी नेत नाही आणि नातवाला तिच्यात बसवत नाही. मग कसला अभिमान बाळगतोस, असं मलाच कधीकधी वाटतं, आणि उत्तर सापडत नाही.

पण मोठी म्हणजे चांगली, हे मात्र मला कोणी पटवू शकलेलं नाही. डॅलसच्या पुतण्याने 2019 ला 100 डॉलर भरून सायबरट्रक, म्हणजे टेस्लाचा मोठा इलेक्ट्रिक पिकअप, बुक केला होता. तेव्हा सांगितलेली किंमत 39,900 डॉलरपासून पुढे आणि रेंज 500 मैलांपर्यंत. 2023 च्या शेवटी गाड्या मिळायला लागल्या तेव्हा किंमत 60,990 पासून पुढे आणि रेंज जास्तीत जास्त 340. त्याने नाद सोडला. मी तिकडे गेलो होतो तेव्हा त्याच्या बिल्डिंगखाली एक उभा होता, पार्किंगच्या रेघेबाहेर आलेला, साधारण 5.7 मीटर लांब. वजन तीन टनांच्या घरात, म्हणजे माझ्या पाच नॅनो. बॅटरी 123 किलोवॉट-अवरची, आणि आपल्याकडे 2020 ला आलेली पहिली नेक्सॉन ईव्ही 30.2 मध्ये पाच माणसं नेते. इलेक्ट्रिकला माझा विरोध अजिबात नाही, पुढची घेतली तर इलेक्ट्रिकच घेईन. पण एकटा माणूस ऑफिसला जाणार आणि त्यासाठी तीन टन ओढायचे, याला भविष्य कसं म्हणायचं? आमच्या रस्त्यावरही आता तेच चाललंय, फक्त जरा लहान मापात.

आई 2021 ला गेली. त्यामुळे आता तर कारणही उरलं नाही, असं बायको म्हणते, आणि तिचं चूक आहे असं मी म्हणणार नाही. मागचे दोन टायर बदलायला झालेत. नॅनोचे मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात, लगेच मिळत नाहीत. दुकानदाराला सांगून ठेवलेत.