पाचपाखाडीतलं झाड आणि केंटमधला दोर

इंग्लंडमध्ये, केंट परगण्यात, मी चार वर्षं झाडं उतरवणाऱ्या टोळीत काम करतोय. करवत वरच्या माणसाच्या हातात असते. मी बुंध्यापाशी उभा राहून दोर सांभाळतो. इथे अ‍ॅशची झाडं एका बुरशीने मरत चालली आहेत. ब्रिटनमध्ये ही बुरशी 2012 साली पहिल्यांदा आढळली. रोगट अ‍ॅश इतकं ठिसूळ होतं, की त्यावर माणूस चढवायचं शक्यतो टाळतात आणि यंत्राच्या पाळण्यातून वर नेतात. त्यामुळे काम भरपूर आहे.

मे महिन्यात सुट्टीवर ठाण्याला आलो, तर आमच्या पाचपाखाडीच्या सोसायटीतला पर्जन्यवृक्ष तोडायला निघाला होता. माझं सगळं लहानपण त्याच्या सावलीत गेलं. पिठ्या ढेकणाने तो पुरता वाळला होता. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आली होती, पाऊस तोंडावर होता, आणि बाबा म्हणाले, "तू यातला आहेस, जरा खाली उभा राहा."

शहापूरकडचा एक पोरगा अनवाणी, खारीसारखा सरसर वर गेला. एवढं सहज चढणं मी केंटमध्येही पाहिलेलं नाही. त्याने फांदीला दोर बांधला, वरच्या बेचक्यातून खाली सोडला आणि चौघांनी तो घट्ट धरला. फांदी तुटली, दोर ताडकन ताणला, दोघे फरफटत पुढे गेले आणि फांदी झोका घेऊन पार्किंगच्या पत्र्यावर आदळली. कुणाला लागलं नाही. माझे हात मात्र गार पडले होते.

अख्खं झाड पाडायचं, तर झाडाच्या दुप्पट उंचीइतकं अंतर चहूबाजूंनी मोकळं हवं. ते पाचपाखाडीत कुठून आणणार? म्हणून तुकडे करून उतरवायचं, आणि तिथे खरा प्रश्न वजनाचा नसतो, हिसक्याचा असतो. साठ सेंटिमीटर जाडीचा, मीटरभर लांबीचा ओला ओंडका सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो. तो मीटरभर खाली येऊन दोराने पाव मीटरमध्ये अडवला, तर दोरावर वजनाच्या पाचपट, म्हणजे अकराशे किलोंहून जास्त ओढ बसते. तोच आणखी मीटरभर सरकू देत थांबवला, तर ओढ वजनाच्या दुपटीवर येते, साडेचारशे किलो. दोर ज्या कप्पीवरून किंवा बेचक्यातून खाली येतो, तिला दोराच्या दोन्ही बाजू खेचतात, म्हणजे तिच्यावरचा भार जवळपास दुप्पट. आणि वरचा माणूस त्याच खोडाला धरून असतो!

म्हणून केंटमध्ये बुंध्याला लोखंडी नळकांडं बांधतात, त्यावर दोराचे वेढे घेतात, आणि माझ्यासारखा एकटा माणूस घर्षणाच्या जोरावर तो ओंडका हळूहळू सोडतो. ओंडका सुटला की दोर आवळून धरायचा नाही, जरा वाहू द्यायचा. हे शिकायला मला वर्ष लागलं, कारण घाबरलेला हात आपोआप मूठ वळतो.

मुकादमांना विचारून मी दोराचे दोन वेढे त्याच पर्जन्यवृक्षाच्या बुंध्याला दिले. दोर किती पेलेल हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून तुकडे निम्मे करायला सांगितले. दोर हाताला गुंडाळायचा नाही आणि तुकड्याखाली कुणी उभं राहायचं नाही, हेही बजावलं. पुढची फांदी पाळण्यातून बाळ उतरावं तशी जमिनीवर टेकली. पोरगा वरून ओरडला, "दादा, सोडायचा का दोर? आम्ही तर जीव खाऊन धरतो!"

शेवटी उरलेल्या बुटक्या खोडाशी त्याला बिजागरी दाखवली. पडायच्या बाजूला व्यासाच्या पाव भागाइतकी खाच घ्यायची, मागून काप द्यायचा, पण आरपार जायचं नाही. मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी ठेवायची. तीच खोडाला दिशा देते. ती कापली, की खोड कुठेही जाऊ शकतं.

माझा जुना पट्टा त्याला द्यावा असं फार वाटलं, पण वापरातून काढलेला पट्टा दुसऱ्याच्या कमरेला बांधणं मला पटलं नाही. नवा घ्यायला पैसे दिले आणि दुकान सांगितलं. उंचीवर करवतीचं मशीन चालवताना दोन ठिकाणी बांधलेलं असावं, म्हणजे चुकून एक दोर कापला गेला तरी दुसरा धरतो, हेही समजावलं.

गेल्या आठवड्यात त्याने कळव्याहून व्हिडिओ पाठवला. आंब्याची मोठी फांदी, बुंध्याला दोराचे तीन वेढे, खाली एकच माणूस, आणि फांदी अलगद अंगणात. मी तीनदा पाहिला. तिसऱ्यांदा त्याच्या कमरेकडे लक्ष गेलं. पट्टा बांधलेला होता, पण त्याचा दोर मोकळाच लोंबत होता. इथे रात्रीचा दीड वाजला होता, ठाण्यात सकाळचे सहा. मी लगेच फोन लावला.