जिंजर, शृंगवेर वगैरे

दुपारच्या चहाला आलं ठेचायला घेतलं की हटकून अण्णाकाका आठवतात. "जिंजर म्हणजे कोण रे? आपलं शृंगवेर! शिंगासारखं दिसतं ना!"

सुट्टीत दुपारी झोपायचं नसेल तर आम्हा पोरांना एकच शिक्षा असायची, काकांच्या झोपाळ्यासमोर बसायचं. मांडीवर पंचांग, हातात अडकित्ता, चश्म्याच्या एका काडीला दोरा. कुठलाही इंग्रजी शब्द टाका, काका तो सोलून आतून संस्कृत काढून दाखवणार. शुगर म्हणजे शर्करा. कँडी म्हणजे खंड. ऑरेंज म्हणजे नारंग, वाटेत सुरुवातीचा 'न' गळला. (स्पॅनिश लोकांनी तो अजून सांभाळलाय, ते 'नारांहा' म्हणतात.) डॉटर म्हणजे दुहिता, हे तर पाठच.

गंमत म्हणजे यातलं बरंचसं खरं निघालं. माल फारशी-अरबी व्यापाऱ्यांच्या हातून पश्चिमेला गेला, आणि मालाबरोबर नावही गेलं. दुहितेचं मात्र तसं नाही. ती डॉटरची आई नव्हे, बहीण. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच, बहुधा आता न उरलेल्या मुळातून आल्या असाव्यात, असं संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स १७८६ साली कलकत्त्यात सांगून गेला होता. पण हे काकांपुढे कोण बोलणार? लिमलेटच्या गोळ्या त्यांच्याच खिशात असायच्या.

कॅमल म्हणजे क्रमेलक, हेही ते ठणकावून सांगत. शब्द संस्कृतात आहे, नाही असं नाही, पण तो आलाय ग्रीकांकडून. म्हणजे हा उंट उलट्या दिशेने चालत आला.

आणि खरी मजा तर त्यांच्या मांडीवरच होती. रोज ज्या होऱ्याचं गणित मांडायचे तो 'होरा' मूळचा ग्रीक. तोच लॅटिन, फ्रेंच करत इंग्रजीत 'अवर' झाला. पत्रिकेतलं सातवं घर, लग्नाच्या म्हणजे पहिल्या घराच्या बरोबर समोरचं, त्याला जामित्र म्हणतात. हे जामित्र म्हणजे डायमीटरचंच ग्रीक मूळ. आमच्या घरातल्या किती मुलींची लग्नं त्या व्यासावरून जुळली आणि मोडली! सहाव्या शतकातल्या ज्योतिषी वराहमिहिराला यात कमीपणा वाटला नव्हता. यवन, म्हणजे ग्रीक, म्लेच्छ खरे, पण हे शास्त्र त्यांच्यात नीट रुजलंय, म्हणून तेही ऋषींसारखे पूज्य, असं त्याने बृहत्संहितेत सरळ लिहून ठेवलंय.

काकांना मराठीतल्या इंग्रजीचा भारी तिटकारा. कुणी 'हेल्थ सेंटर' म्हणालं की सुपारी तोंडात तशीच ठेवून ओरडायचे, "सेंटर काय सेंटर! आरोग्य केंद्र म्हणा!" आता केंद्र म्हणजे ग्रीकांचं केंट्रॉन, अणकुचीदार टोक, कंपासचं रुतवून ठेवतात ते. सेंटरही त्याचंच पोर. पुढच्या दाराने हाकललेला पाहुणा मागच्या दाराने येऊन पाटावर बसला होता, आणि काका त्याला आग्रहाने वाढत होते.

हे त्यांना कळलं असतं तर? काही नाही. ग्रीक भाषाच मुळात संस्कृतातून निघाली असं म्हणून त्यांनी पुढची सुपारी कातरायला घेतली असती. असा आपला माझा होरा.