समोरच्या काठावरची मालगाडी

जर्मनीत बोपार्डला नदीकाठच्या बाकावर बसलं ना की समोर ऱ्हाइन आणि पलीकडच्या काठाला दर थोड्या वेळाने एक मालगाडी, आणि मी या वयातही डबे मोजतो. लहानपणी फाटकात अडकलं की मोजायचो, तीच खोड. फक्त इथे मोजणं लवकर संपतं, कारण गाडीची लांबी 740 मीटरच्या पुढे सहसा नसतेच.

घरी पाहुणे आले की त्यांना मात्र आयसीईत, म्हणजे इथल्या अतिवेगवान गाडीतच बसायचं असतं. कोलोन ते फ्रँकफर्ट, ताशी 300, जेमतेम तास-सव्वा तास. पण या गाडीसाठी 2002 मध्ये हायवेला खेटून डोंगरातून वेगळी लाइन टाकली, हजार मीटरला 40 मीटर असा चढ, तो जड मालगाडीला कुठला झेपायला, मग ती राहिली खाली नदीकाठीच वळणं घेत. म्हणजे बघा, किल्ले नि द्राक्षांचे मळे बघत जातात ते कंटेनर, आणि जास्त पैसे मोजलेल्या आमच्या पाहुण्यांना काय, तर बोगदे!

पण मला खरी गंमत वाटली ती एकदा यार्डावरच्या पुलावरून बघताना. नारिंगी जाकिटातला एक माणूस दोन डब्यांच्या मध्ये बफरखालून वाकून शिरला, जड लोखंडी कडी उचलून हुकात अडकवली, स्क्रू पिळून पिळून घट्ट केला, मग हवेचा पाइप जोडला, बाहेर आला, कंबर सरळ केली आणि पुढच्या डब्याकडे. आपल्याकडे मालगाडीचे डबे एकमेकांना टेकले की सीबीसी कपलर, म्हणजे डबे जोडणारा सांधा, आपोआप लागतो, हे इथल्या मित्राला सांगितलं तर त्याला मी थापा मारतोय असं वाटलं. ऑटोमॅटिक कपलरची चर्चा इथेही खूप वर्षं चाललीय, पण पोलंडचा डबा इटलीत आणि इटलीचा हॉलंडात फिरणार, त्यामुळे बदलायचं तर सगळ्यांनी एकदम, आणि एकदम म्हटलं की झालंच.

आवाजाचं मात्र जमवलं. बिडाच्या ब्रेक ब्लॉकने चाकं खडबडीत व्हायची आणि रात्रभर खडखडाट, म्हणून डिसेंबर 2020 पासून जर्मनीत तसल्या डब्यांना बंदी आली. शेजारचे आजोबा म्हणतात, आधी कपाटातले ग्लास वाजायचे. आता नुसती घरघर येते, मला तर त्यावर छान झोप लागते.

काल 27 पर्यंत आलो होतो, मध्येच एक क्रूझ बोट आडवी आली, वरून लोक हात करतायत, मीही केला, आणि बोट सरेपर्यंत मालगाडी वळणाआड.