नायमेखनची नदी आणि आमच्या खाजनाची मानस

नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या आमच्या घरी दर वर्षी बांधांचं बिल येतं. नळाच्या पाण्याचं बिल वेगळं. हे पैसे बांध, पंप आणि कालवे राखायला. ते घेणाऱ्या मंडळाला इथे ‘वॉटरस्खाप’ म्हणतात. नेदरलँड्समध्ये अशी २१ मंडळं आहेत, आणि त्यांची मुळं तेराव्या शतकापर्यंत जातात. मार्च २०२३ मध्ये प्रांताची आणि वॉटरस्खापची निवडणूक एकाच दिवशी झाली. माझा पासपोर्ट भारतीय, म्हणून प्रांतासाठी मला मत नव्हतं. वॉटरस्खापसाठी मात्र होतं. मतपत्रिका पेटीत टाकली आणि आजोबांची फार आठवण आली.

आमचं गाव गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, मांडवीच्या काठी. घरामागे खाजन. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: भरतीचं खारं पाणी मातीच्या बांधाने अडवून केलेली ही शेतजमीन. बांधात लाकडी दारांची मानस असते. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार मिटतं, ओहोटी लागली की आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. लहानपणी मी ओहोटीची वेळ साधून तिथे जाऊन बसायचे. आधी फटीतून बारीक चिळकांडी उडायची, मग लाकूड कुरकुरायचं, आणि एकदम दार सुटून पाणी धो-धो खाडीत. आत कोरगुट पिकायचं, थोडा खारेपणा सोसणारं भात. बांधाला भगदाड पडलं तर गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक कारभाराच्या, शिस्तीने घराघरांतून माणूस निघायचा. आजोबा जेवणावरून उठून गेलेले मी पाहिलेत.

२०२१ च्या जुलैत दोन्ही घरं एकदम पाण्यात आली असं मला वाटलं. महिन्याच्या मध्याला इथल्या लिंबर्ग प्रांतात पूर आला, फाल्केनबर्ग गावाचे रस्ते नदी झाले. शेजारच्या जर्मनी-बेल्जियममध्ये दोनशेहून जास्त माणसं गेली. नेदरलँड्समध्ये कुणी दगावलं नाही. आठवड्याभरात, २३ जुलैला, आईचा फोन. म्हादई, म्हणजे आमची मांडवीच, चढली होती. सत्तरीत मावशीच्या मातीच्या घराची मागची भिंत बसली होती. ‘माणसं सुखरूप आहेत गो,’ एवढंच आई पुन्हा पुन्हा सांगत राहिली. मुख्यमंत्र्यांनी त्याला १९८२ नंतरचा सर्वांत मोठा पूर म्हटलं.

नायमेखनने काय केलं ते सांगते, कारण मी रोज तिथल्या नदीवरच्या पुलावरून सायकलने जाते. १९९५ मध्ये नद्या इतक्या चढल्या की अडीच लाख लोकांना घरं सोडावी लागली. १९५३ च्या समुद्राच्या पुरात १,८३६ माणसं गमावलेला हा देश, त्यामुळे बांध आणखी उंच करणं हीच त्यांची सवय. इथे त्यांनी उलटं केलं. वाल नदीचा बांध साडेतीनशे मीटर मागे नेला आणि मधल्या जागेत नदीला दुसरा प्रवाह खोदून दिला. त्यासाठी पन्नासएक घरं पाडावी लागली. वर्षानुवर्षं बैठका झाल्या, भांडणं झाली, लोक रडले. हे कुणी लपवत नाही. आज उन्हाळ्यात त्या पाण्यात मुलं पोहतात, हिवाळ्यात नदी चढली की तिथेच पसरते.

गोव्याने हे जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणणार नाही. आपला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पण पाण्याला पसरायला जागा आपल्याकडे होतीच: खाजनं, त्यांतली पोंय म्हणजे पाणी साठणारी तळी, बांधाबाहेरची खारफुटी. ती आपण भराव घालून बुजवतो, याचा मला मनापासून राग येतो. कूळ कायद्याने जमीन कसणाऱ्याच्या हाती आली, ते न्यायाचंच झालं. पण बांध कुणाचा, हा प्रश्न अनेक गावांत लोंबकळत राहिला. वॉटरस्खापच्या बिलाकडे बघताना मला तेच दिसतं. इथे बांधाला धनी आहे.

मे महिन्यात घरी आले होते तेव्हा बाबांबरोबर बांधावर गेले. कुर्ल्यांनी बिळं पाडली होती, एकात माझा हात कोपरापर्यंत गेला. बाबांनी लुंगी खोचली, खालचा चिकट चिखल ओंजळीने उचलून बिळात ठासला आणि म्हणाले, ‘मृगाच्या आधी सगळी बुजवायला हवीत.’ अंधार पडेपर्यंत आमची अकरा झाली. मानशीचं एक दार बिजागरीतून सुटलंय. नव्या फळीसाठी बाबा माट्टीचं, म्हणजे ऐनाचं, लाकूड शोधत आहेत. कुणाकडे असेल तर कळवा.