तुम्ही विचारलंत म्हणून: मल्टीप्लेअरमुळे गेम सुधारतो की बिघडतो?

नवीन गेम घ्यायचा म्हटलं की मित्रमंडळींपैकी कोणी ना कोणी विचारतंच, मल्टीप्लेअरमुळे, म्हणजे एकाच गेममध्ये अनेकांनी जोडून घेऊन एकत्र खेळण्यामुळे, गेमची मजा वाढते की वाट लागते? माझं मत सरळ आहे, मल्टीप्लेअरशी माझं काहीच वैर नाही, राग आहे तो मागाहून चिकटवलेल्या मल्टीप्लेअरचा.

२०१२ चा स्पेक ऑप्स: द लाइन हा युद्धाचा गेम घ्या. वाळूखाली गाडलेली दुबई, आणि ज्याला आपण हिरो समजून चालवतोय त्याच्याच हातून, म्हणजे आपल्याच हातून, पांढऱ्या फॉस्फरसने साधी माणसं होरपळतात, आणि मग गेम आपल्याला त्या प्रेतांमधून हळूहळू चालायला लावतो. पोटात कालवतं अक्षरशः. आणि मेन्यूत परत येऊन बघाल तर तिथे मल्टीप्लेअरचा डेथमॅच, म्हणजे दुसऱ्या खेळाडूंना मारा आणि पॉइंट मिळवा! स्टोरीने जे सांगायला जिवाचं रान केलं त्याच्या बरोब्बर उलटं. तो मोड दुसऱ्याच स्टुडिओकडून करून घेतलेला, आणि खुद्द गेमच्या लीड डिझायनरने नंतर त्यावर जाहीरपणे सडकून टीका केली. त्या काळात ही साथच होती, स्टोरीवाल्या बायोशॉक २ ला मल्टीप्लेअर लावला, २०१३ च्या टूम रेडरला पण लावला, आज त्या मोडची आठवण तरी कोणी काढतं का?

आणि त्याच २०१२ मध्ये जर्नी नावाचा गेम आला. वाळवंटातून डोंगराकडे जायचं, वाटेत कोणीतरी अनोळखी खेळाडू भेटतो, त्याचं नाव दिसत नाही, चॅट नाही, माइक नाही, फक्त एक सूर काढता येतो. पुढे बर्फात दोघं जवळ राहिलात तर एकमेकांची ऊब मिळते. बनवताना सुरुवातीला खेळाडूंना एकमेकांना ढकलता यायचं, तर लोक काय करायला लागले, सोबत्याला ढकलून मारायला लागले! मग टीमने ढकलणंच काढून टाकलं, आणि जवळ आल्यावर उडायची ताकद मिळेल असं केलं. माणसं तीच, पण वागणं बदललं. मल्टीप्लेअर गेमच्या पोटातून येणं म्हणतात ते हे, आणि मला हे फार मोठं काम वाटतं. डार्क सोल्स या अवघड गेममध्येही तसंच, जमिनीवरच्या रक्ताच्या डागाला हात लावला की दुसरा कोणीतरी तिथे कसा मेला ते दिसतं, आपण सावध होतो, एकटेपणा मात्र तसाच राहतो.

काउंटर-स्ट्राइक या गोळीबाराच्या गेमबद्दल बोलायलाच नको, तो जन्मालाच आला मल्टीप्लेअर म्हणून, सायबर कॅफेत शेजारच्या खुर्चीवरून "अरे बी साइटला ये ना" (बी साइट म्हणजे बॉम्ब लावायची एक जागा) असं ओरडल्याशिवाय त्यात जीवच नाही.

पैशाचा मुद्दा मला जास्त टोचतो. जीटीए (ग्रँड थेफ्ट ऑटो) ४ ला २००९ मध्ये दोन मोठ्या नव्या स्टोऱ्या मिळाल्या होत्या. जीटीए ५ आला २०१३ ला, त्याचा मल्टीप्लेअर भाग, जीटीए ऑनलाइन, तुफान चालला, टीम त्यात आणि रेड डेड २ या आपल्या दुसऱ्या गेममध्ये गुंतली, आणि मायकल, फ्रँकलिन, ट्रेव्हर या तीन नायकांची एकट्याने खेळायची पुढची स्टोरी काही आलीच नाही. ज्यांना ऑनलाइन आवडतं त्यांनी खुशाल खेळावं, पण ज्याने स्टोरीसाठी गेम घेतला त्याला काय मिळालं?

त्याहून वाईट म्हणजे द क्रू. रेसिंग गेम, एकट्याने गाडी फिरवायची तरी नेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जोडावं लागायचं, ३१ मार्च २०२४ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेला अख्खा गेम गेला, सिंगल प्लेअरसकट. काउंटर-स्ट्राइक १.६ मात्र आजही दोन कॉम्प्युटर केबलने जोडून खेळता येतो. म्हणून आता कोणी विचारलं की घेऊ का, तर मी आधी हेच बघायला सांगतो, नेट नसताना हा चालू तरी होतो का? नसेल होत तर पूर्ण किंमत देऊ नका.