इंदिरा कोण?

बाबा गेले ते श्रावणात, भर पावसात. स्मशानशेडचा एक पत्रा मागच्या वादळात उडालेला, आंब्याची लाकडं ओली. वाडीतल्या पोरांनी घराघरांतून शेणी गोळा केल्या आणि डिझेल ओतून कशीबशी चिता पेटवली.

त्याआधी अंगणात वेगळाच गोंधळ झाला. बाबा मराठा लाईट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. 'फौजी माणूस, तिरंग्यातच न्यायचा' असं म्हणत चुलतभाऊ पंधरा ऑगस्टचा झेंडा घेऊनच आला. शेजारच्या सुभेदारकाकांनी त्याचा हात धरला. "झेंडो पांघरूचो नाय, बाबा. ता लष्करी इतमामाचा काम." नंतर त्यांनी नीट सांगितलं. राष्ट्रीय प्रतीकांचा अवमान रोखणाऱ्या 1971 च्या कायद्यानुसार शासकीय किंवा सैन्यदलांच्या, निमलष्करी दलांच्या अंत्यविधीतच तिरंगा पांघरता येतो, आणि तिथेही केशरी पट्टा डोक्याकडे ठेवून. चितेवर तो जाळायचा नाही, अग्नी देण्याआधी काढून घ्यायचा. पेन्शनर माणूस घरी म्हातारपणाने गेला की सलामीची तुकडी आपोआप येत नाही. चुलतभाऊ रुसला. मला मात्र बरं वाटलं. बाबांना झेंड्याची घडी चुकलेलीही चालत नसे.

तेराव्यापर्यंत खर्चाची वही फुगली. महिना संपला आणि बाबांच्या खात्यात नेहमीप्रमाणे पेन्शन जमा झाली. आई म्हणाली, "काढून भटजींका दी." मी एटीएमपर्यंत गेलोही होतो. सुभेदारकाकांचा फोन आला म्हणून वाचलो. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच आपली. दुसऱ्या दिवसापासून कुटुंब निवृत्तीवेतन सुरू होतं, आणि जास्तीचे पैसे पुढे वसूल होतात. म्हणून आधी मृत्यूची खबर द्यायची: बँकेला, लष्करी पेन्शनच्या 'स्पर्श' पोर्टलवर आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात.

रकमेचाही हिशोब काकांनीच मांडला. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी, कुटुंब निवृत्तीवेतन 30 टक्के. म्हणजे बाबांना शंभर मिळत असतील तर आईला साठ, ढोबळमानाने. सुरुवातीला कुटुंब निवृत्तीवेतनाचा वाढीव दर मिळतो, पण तो सात वर्षं किंवा गेलेला माणूस 67 चा झाला असता तोवर, यातलं जे आधी येईल तोपर्यंत. बाबा अठ्ठ्याहत्तरचे, त्यामुळे तो विषयच नव्हता.

खरी गाठ पुढे. बाबांच्या पेन्शनच्या कागदावर बायकोचं नाव होतं इंदिरा. आधार, रेशनकार्ड, बँक, सगळीकडे आई सुलोचना. इंदिरा हे तिचं माहेरचं नाव. लग्नात तांदळात सुलोचना लिहिलं आणि इंदिरा तिथेच संपली. बाबांनी मात्र रजेवरून परतल्यावर पलटणीत लग्नाची नोंद करताना माहेरचंच नाव दिलं. का, ते विचारायला आता माणूस नाही. आई लाजत म्हणाली, "तेंका ताच आवडायचा." पन्नास वर्षांत हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

मग दोन्ही नावं एकाच बाईची असल्याचं प्रतिज्ञापत्र, सरपंचांचा दाखला, आणि बाबांच्या ट्रंकेतून निघालेला दोघांचा जोडफोटो. त्यात आईच्या नाकात नथ, बाबांच्या ओठावर नुकतं मिसरूड. कागद बेळगावला, बाबांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला गेले. कल्याण कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज स्वतः तपासून दिला, वर घरपट्टी माफीचंही सांगितलं. माजी सैनिकांच्या विधवांनाही ती सवलत आहे. 2020 पासूनची ही योजना आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हती.

काही महिन्यांनी बँकेत बोलावणं आलं. आई नऊवारी नेसून, छत्री मांडीवर ठेवून बाकावर बसली. कागद अजून जुन्या नावाचाच असावा, कारण काउंटरवरच्या मुलीने हाक मारली, "इंदिरा... इंदिरा कोण आहेत?" आई ढिम्म. मुलगी पुन्हा ओरडली. आई इकडेतिकडे बघत राहिली. मी कोपराने ढोसलं तेव्हा दचकून म्हणाली, "माका?" आणि छत्री विसरूनच काउंटरकडे गेली.